बडोद्याच्या गणेश मंडळांना खुलं पत्र: आजव्याची लेव्हल बघता तसं अरबी समुद्राचं पाणीपण बघा

बडोद्यातल्या सगळ्या गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना, दादा-ताई-काका सगळ्यांना मनापासून नमस्कार. आणि त्यातही जास्त त्या चार पोरांना, जी २८ ऑगस्ट २०२४ ला, पुरात, दुपारी ट्रकच्या टायरची ट्यूब आणि नायलॉनची दोरी घेऊन आमच्या सोसायटीत आली होती. गळ्यात मंडळाची कार्डं होती पण भिजून अक्षरं गेलेली, त्यामुळे कुठल्या मंडळाची होती ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. माझ्या सासूबाईंचं इन्सुलिन संपत आलेलं, आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर अडकलेलो, आणि त्यातल्या एकाने ते इन्सुलिन दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून टोपीखाली डोक्यावर ठेवून छातीएवढ्या पाण्यातून आणलं. विश्वामित्री नदीतल्या मगरी सोसायट्यांमधे फिरतायत हे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले होते तेव्हा, तरी आणलं.

म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय. सरकारी ऑफिसांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी लिहावीतच, पण पाणी आलं की गल्लीत सगळ्यात आधी पोचता तुम्ही, आणि मला जे सांगायचंय ते आधी पोचणाऱ्यांना माहीत असायला पाहिजे.

आपण बडोदेकर पावसाळ्यात दोन आकडे बघत असतो. एक आजव्याच्या तलावाची लेव्हल आणि दुसरा काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्रीची लेव्हल. विश्वामित्री २६ फूट म्हणजे धोका हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. माझं म्हणणं एवढंच की तिसरा आकडा बघायची सवय लावा, अरबी समुद्राच्या पाण्याचं तापमान, आणि तो ऑगस्टमधे नाही, मे महिन्यापासून बघा.

हे बोलले की पहिला प्रश्न येतो, बडोद्याला कुठे आला समुद्र? मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या सायन्सच्या ट्यूशन घेते, वर्गातली मुलंपण हेच विचारतात. बरोबर आहे, आपल्याकडे लाटा नाहीत, कोळीवाडा नाही, वावाझोडुं, म्हणजे चक्रीवादळ, म्हटलं की आपण टीव्हीवर द्वारका-जखौची दृश्यं बघतो आणि "बिचारे कच्छवाले" म्हणून चॅनल बदलतो. मीपण हेच करायची.

त्या वर्षी २६ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. मी सुंठवडा करून ठेवलेला, पाऊस सकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्या टेनामेंटमधे पाणी दारातून आलं नाही, आधी मोरीतून आलं. मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले, मग काळपट पाणी, मी खुळ्यासारखी त्यावर पाटा ठेवला, पाटा वर उचलला गेला. तासाभरात गव्हाचं पिंप तरंगायला लागलं. पुढच्या दोन दिवसांत विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या खुणेच्या नऊ फूट वर, आणि पाणी उतरल्यावर आमच्या भिंतीवर जी रेष राहिली ती स्विचबोर्डाच्या बरोबर वर आहे. मी ती पुसलेली नाही, रंग काढला तेव्हापण रंगाऱ्याला सांगितलं एवढा पट्टा सोड.

आता ते पाणी कशाने आलं? मध्य प्रदेशावरून एक डीप डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं जोरदार क्षेत्र, राजस्थानकडून गुजरातवर आलं आणि सरकायलाच तयार नव्हतं. साधारणपणे असं कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवर आलं की त्याचं खाणं तुटतं आणि ते विरतं. हे विरलं नाही, कारण खाली जमीन पावसाने चिंब होती आणि पश्चिमेकडून अरबी समुद्राची वाफ त्याला मिळत राहिली. मग ते कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं चक्रीवादळ झालं, नाव 'असना'. आमच्या घरात तेव्हा फावड्याने चिखल काढायचं काम चालू होतं. हवामान खात्याच्या १८९१ पासूनच्या नोंदींमधे ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ झाल्याची त्याआधीची वर्षं फक्त तीन होती, १९४४, १९६४ आणि १९७६. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी घडलेली गोष्ट आपल्या डोक्यावरून गेली आणि आपण चिखल काढत होतो म्हणून आपलं लक्षच गेलं नाही.

त्याच्यानंतर मी वाचायला लागले, आणि जे समजलं ते वर्गात समजावते तसंच इथे सांगते.

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. ती उष्णता कुठे नाहीशी होत नाही, वाफेत दडून बसते. इडलीपात्राचं झाकण उघडताना मनगटावर वाफ आली की कसा चटका बसतो, तो त्या दडलेल्या उष्णतेचाच, वाफेचं पाणी होतं आणि उष्णता तुमच्या कातडीला देऊन जातं. समुद्रावर हेच होतं, फक्त हजारो चौरस किलोमीटरवर. तापलेल्या पाण्याची वाफ वर जाते, वर थंडीने तिचे थेंब होतात, ढग बनतात, आणि उष्णता तिथे सुटते. तिथली हवा अजून हलकी होऊन अजून वर जाते, खाली दाब कमी होतो, आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते, येताना समुद्रावरून अजून वाफ घेऊन येते, आणि पृथ्वी फिरतेय म्हणून ही धावणारी हवा सरळ न येता गोल फिरायला लागते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे फिरवणं जमत नाही, म्हणून तिथे वादळं होत नाहीत. अमेरिकेत ह्याला हरिकेन म्हणतात, जपान-फिलिपिन्सकडे टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. वस्तू एकच.

ह्या सगळ्याला पाणी किती गरम लागतं तर साधारण २६.५ अंश, आणि नुसतं वरवरचं नाही, पन्नासेक मीटर खोलपर्यंत. हे खोलीचं फार महत्त्वाचं आहे आणि बातम्यांमधे कधी सांगत नाहीत. गच्चीवरची काळी टाकी एप्रिलमधे दुपारी उघडून बघा, वरचं पाणी हात घालवत नाही असं आणि तळाचं बरं असतं, काठीने ढवळलं की सगळं कोमट. वादळपण समुद्र असाच ढवळतं. खालचं थंड पाणी वर आलं की त्याचं स्वतःचंच जेवण बंद होतं आणि ते ढिलं पडतं. पण गरम थर जर खोलपर्यंत असेल तर कितीही ढवळा, गरमच पाणी वर येणार, वादळ खातच राहणार. समुद्रात आर्गो नावाचे तरंगक सोडलेले असतात, ते साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलवरून वर येतात, येताना पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजत येतात आणि उपग्रहाला कळवतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आपल्याकडचं हे काम बघते. मुलांना मी त्या तरंगकाचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं तर पूर्ण तास त्यावरच गेला, कोणी काढलं, चार्जिंग कसं करतात, मासे खात नाहीत का.

आता बदललं काय ते. आपल्या लहानपणी वादळ म्हणजे बंगालचा उपसागर, ओरिसा, आंध्र. खरंच तसं होतं, बंगालच्या बाजूला चार तर आपल्या बाजूला एक असा हिशोब चालायचा, कारण अरबी समुद्र तुलनेने थंड असायचा. गेल्या काही दशकांत तो १.२ ते १.४ अंशांनी तापलाय. ऐकायला हे काहीच नाही वाटत, अंगात ताप एक अंशाने वाढला तर आपण क्रोसिन घेतो आणि कामाला जातो. पण माणसाने धूर सोडून जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर साठवलीय तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने गिळलीय, आणि हवा एक अंशाने गरम झाली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. जास्त वाफ म्हणजे वादळाला जास्त खाणं आणि खाली पडायला जास्त पाऊस. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली पेपर काढला, मेधा देशपांडे आणि रॉक्सी कोल वगैरे, त्यात त्यांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ असे दोन काळ घेऊन बघितलं तर अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली आणि अतितीव्र प्रकारातली १५० टक्क्यांनी. त्याच काळात बंगालच्या उपसागरात थोडी कमीच झाली.

टक्केवारी सोडा, नावं आठवा. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच, वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. ३ जून २०२० ला निसर्ग, दिवेआगरला माझ्या मावशीची सुपारीची वाडी होती, सकाळी होती आणि संध्याकाळी नव्हती, बाग परत धरायला वर्षं लागतात आणि मावशी तेव्हा सत्तरीच्या पुढे, ती त्यानंतर वाडीत गेलीच नाही. मे २०२१ ला तौक्ते, १४ तारखेला त्याला नाव मिळालं आणि १७ च्या रात्री ते दीव-उन्याच्या बाजूला जमिनीवर आलं. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ कामगारांची बार्ज पी-३०५ बुडाली, कितीतरी कामगार गेले, आणि गीरच्या केसर आंब्याचा सडा पडला. आणि ज्यांना वाटतं की वादळ किनाऱ्यावरच संपतं त्यांच्यासाठी, ह्याच तौक्तेच्या उरलेल्या ढगांनी दिल्लीला मे महिन्यात एका दिवसात ११९ मिमी पाऊस पाडला. दिल्लीला. मग २०२३ चं बिपरजॉय, ६ जूनला जन्मलं आणि १५ जूनला जखौला आलं, इतके दिवस पाण्यावर टिकलं कारण खायला मिळत होतं. तिथे मात्र आधीच लाखभर माणसं हलवली होती आणि जीवितहानी फार थोडी झाली. १९९८ च्या जूनमधे कांडल्याला जे वादळ आलं त्यात हजारावर माणसं गेली होती. दोन्ही वादळं कच्छचीच, फरक वेळेवर माणसं हलवण्याचा आहे.

आणि ती वेळच आता कमी होतेय, माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरने किंवा जास्त वाढला तर शास्त्रज्ञ त्याला झपाट्याने तीव्र होणं म्हणतात, आणि खोलपर्यंत तापलेल्या पाण्यावर हे जास्त होतं. २०२३ च्या ऑक्टोबरमधे मेक्सिकोच्या अकापुल्को शहरावर ओटिस आलं, ते एका दिवसात साध्या वादळाचं कॅटेगरी पाच, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, झालं. लोक झोपायला गेले तेव्हा आणि मध्यरात्री जे दारात आलं ते, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. तुमच्या मंडळाचा मेसेज सकाळी गेला असेल तर संध्याकाळपर्यंत तो खोटा ठरू शकतो, हे डोक्यात ठेवून तयारी करायला लागेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल ताईने घाबरवलं. पाणी गरम असलं म्हणजे वादळ येतंच असं नाही. खालचा वारा एका दिशेला आणि वरचा दुसऱ्या दिशेला जोरात वाहत असेल तर वादळाचा शेंडा आणि बुडखा वेगवेगळे होतात, उभंच राहता येत नाही त्याला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधे मान्सूनचे वारे नेमकं हेच करतात, वर समुद्रपण ढवळून थंड करतात, म्हणून अरबी समुद्राची वादळं मुख्य करून मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जगभरात वादळांची एकूण संख्या वाढतेय असंही शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, त्यांचं म्हणणं आहे की जी होतात त्यात मोठ्यांचा वाटा वाढतोय आणि पाऊस जास्त पडतोय. आणि आपल्या पुराचं सगळं खापर समुद्रावर फोडून चालणार नाही. ओढे बुजले, कोतरं (नदीकाठच्या घळी) भरली, नदीच्या काठावर काय काय उभं राहिलं ते आपण रोज स्कूटरवरून बघतो. पण नदी कितीही खोदली तरी वरून किती पडणार हे समुद्र ठरवतो, आणि विश्वामित्री ढाढरला मिळून शेवटी खंभातच्या आखातातच जाते, तिथली भरती देशातल्या सगळ्यात उंच भरत्यांमधे मोजतात. खाली समुद्र चढलेला असला की वरचं पाणी उतरायला वेळ लावतं.

समुद्रापासून लांब असल्याचा भरवसा धरू नका हे सांगायला अजून एक उदाहरण देते, कारण ते आपल्या पुरानंतर महिन्याभरातच घडलं. सप्टेंबर २०२४ मधे मेक्सिकोच्या आखाताचं पाणी नेहमीपेक्षा बरंच गरम होतं, त्यावरून हेलीन नावाचं हरिकेन फ्लोरिडाला आलं. पण सगळ्यात जास्त हाल कोणाचे तर तिथून शेकडो किलोमीटर आत डोंगरात वसलेल्या ॲशव्हिलसारख्या गावांचे. नद्या फुटल्या, रस्ते वाहून गेले, पुढे कित्येक आठवडे नळाला प्यायचं पाणी नव्हतं. त्या लोकांनीपण आयुष्यभर हेच म्हटलं असणार, आमच्याकडे कुठला समुद्र. आणि ह्यूस्टनला ज्यांची पोरं आहेत, आपल्या बडोद्यात अशी घरं काही कमी नाहीत, त्यांना २०१७ चं हार्वी आठवत असेल, ते टेक्सासवर येऊन थांबूनच राहिलं आणि काही ठिकाणी दीड मीटरहून जास्त पाऊस टाकून गेलं. थांबून राहिलं, हाच शब्द आपल्या २०२४ च्या डिप्रेशनला लागू होतो.

तर मागणं काय. प्रत्येक मंडळाच्या मांडवाबाहेर किंवा ऑफिसबाहेर एक फळा असतो, वर्षभर त्यावर जुन्या आरतीची वेळ नाहीतर कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चार महिने त्या फळ्यावर तीन आकडे रोज लिहा, अरबी समुद्राचं तापमान, आजवा, काळा घोडा. पावसाळ्यात मधले महिनेही लिहिलेत तर उत्तमच, असना ऑगस्टमधेच झालं. इन्कॉइस आणि हवामान खातं दोघंही माहिती फुकट देतात. समुद्राचा आकडा ३० अंशांच्या वर गेला आणि आठवडाभर तिथेच बसून राहिला तर बाजूला खडूने गोल करा. लगेच वादळ येणार असा त्याचा अर्थ नाही, कढई तापलीय एवढाच. मग हवामान खात्याचं पिवळं, नारंगी, लाल जे काय येईल ते त्याच भाषेत पुढे पाठवा, मधे स्वतःचं काही घालू नका. मागच्या वेळी "आज रात्री १२ वाजता धरण फुटणार" असला मेसेज आमच्या ग्रुपवर तीन वेळा आला आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बायका रडून बेजार झाल्या.

तळमजल्यावर एकटी म्हातारी माणसं कुठे आहेत, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोणाकडे ऑक्सिजनचं मशीन आहे, ही यादी वर्गणी मागायला जाता तेव्हाच होऊ शकते. तुमच्याएवढं प्रत्येक दारात जाणारं शहरात दुसरं कोणी नाही. पावतीपुस्तकाच्या मागे दोन ओळी लिहायच्या, बस. ट्यूब, दोऱ्या, टॉर्च, लाइफ जॅकेट खालच्या गोडाऊनमधे ठेवू नका, त्या दिवशी एका मंडळाच्या दोऱ्या त्यांच्याच गोडाऊनमधे पाण्याखाली होत्या हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. मूर्तींचंही तसंच. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, पूर आला तेव्हा शाडूच्या मूर्ती कारखान्यांत अर्ध्या रंगवलेल्या होत्या आणि शाडूला पाणी लागलं की काय होतं ते मी सांगायला नको. पुराची रेष भिंतीवर अजून आहे, मूर्तीचं फळकुट त्या रेषेच्या वर बांधा, मांडवाची वायरिंगपण.

आणि ज्यांच्या ज्यांच्या घरात ती रेष आहे त्यांना सांगा पुसू नका, ऑइलपेंटने पक्की करा, तारीख घाला.

फळ्याचं काम शिकवायला मी आणि माझ्या दहावीच्या सहा मुली तयार आहोत, आकडा कुठे बघायचा, कसा वाचायचा, अर्ध्या तासाचं काम आहे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला सुरुवात करायची असं ठरवलंय, कारेलीबागपासून रावपुरा, दांडिया बाजार, प्रतापनगर असं पुढे. पहिला फळा कोणाचा ते तुम्ही आपसात ठरवून कळवा. आणि ते चार जण कोणाच्या मंडळाचे होते ते समजलं तर तेही कळवा, सासूबाई अजून विचारतात.